भोंगा थांबल्यावरची देखभाल

वाळूज हे गाव जुने असले, तरी आज ज्याला आपण वाळूज म्हणतो त्याचे वय चाळीस वर्षांच्या आसपास आहे. १९८५ मध्ये नगर रस्त्यावरील या परिसरात बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्यामागोमाग सुटे भाग बनविणारे लहानमोठे उद्योग आले, औषधांचे व मद्यनिर्मितीचे कारखाने आले, आणि बीड, जालना, परभणी, बुलढाणा, जळगाव अशा जिल्ह्यांतून विशी-पंचविशीतील तरुण आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन येथे उतरले. बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी, सिडकोचे वाळूज महानगर या वस्त्या त्यांच्यामुळे वाढल्या. सोपा हिशेब मांडून पाहावा. १९८५ साली जो बावीस वर्षांचा होता, तो २०२१ मध्ये ५८ वर्षांचा झाला. म्हणजे या वसाहतीतील कामगारांची पहिली पिढी गेल्या काही वर्षांत, जवळजवळ एकाच वेळी, निवृत्त होत आहे.

या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. हे तरुण आले तेव्हा त्यांचे आईवडील गावीच राहिले. वस्तीत म्हातारपण दिसत असे ते सुट्टीत गावाकडून आलेल्या पाहुण्यांच्या रूपाने. त्यामुळे एका माणसाला जेमतेम चढता येईल असे जिने, उंच उंबरे, गच्चीवर जायला लोखंडी शिडी, अशी घरे बांधताना कोणी विचार केला नाही. आता त्याच घरांत घरमालक स्वतः साठीचे झाले आहेत. वाळूजमध्ये म्हातारपण कसे जगायचे, याचा नमुना समोर नाही; तो हीच पिढी तयार करीत आहे.

निवृत्ताला सल्ले मात्र भरपूर मिळतात. छंद जोपासा, बागकाम करा, पर्यावरणपूरक जीवनशैली स्वीकारा. सल्ला वाईट नाही, पण तो देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंगण असलेला बंगला असतो. आणि दुसऱ्या बाजूने घरातला मुलगा प्रेमाने म्हणत असतो, 'बाबा, आता तुम्ही काही करू नका, आराम करा.' पस्तीस वर्षे ज्याच्या हातावर यंत्र चालले, त्या माणसाला हे वाक्य कसे ऐकू येते, याचा विचार मुलांनी एकदा करावा. आराम हा शब्द दोन-तीन महिने गोड लागतो. मग दुपारी झोप, रात्री जागरण, दिवसभर मोबाइल, आणि 'मला कोणी विचारत नाही' ही कुरबुर सुरू होते.

माझे म्हणणे असे आहे, की वाळूजच्या निवृत्त कामगाराला हिरव्या जीवनशैलीसाठी नवे काही शिकण्याची फारशी गरज नाही. कारखान्यात ज्याला 'मेंटेनन्स' म्हणतात, ते त्याला येते. यंत्र बंद पडण्याआधी त्याला तेल द्यायचे, आवाज बदलला की कान टवकारायचे, कोणता भाग कधी बदलला ते वहीत नोंदवायचे, आणि नवे यंत्र मागण्याआधी जुन्याचे आयुष्य वाढवायचे. घरातील बचतीची आणि पर्यावरणाची बहुतेक कामे याच जातीची आहेत. गळणारा नळ, आवाज करणारा पंखा, शिटी नीट न देणारा कुकर, ओल्या कचऱ्याचे खत, गच्चीवरच्या कुंड्या, कूलरची टाकी, या सगळ्यांना हवा असतो तो रोज थोडे लक्ष देणारा माणूस. फरक एवढाच, की आता त्या माणसाच्या गुडघ्यांची आणि रक्तदाबाचीही देखभाल त्याच वहीत धरावी लागते.

दुरुस्तीपासून सुरुवात करू. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी वीस-तीस लिटर पाणी घालवितो. पाणी रोज येत नाही अशा वस्तीत हे पाणी एका माणसाच्या आंघोळीचे आहे. आणि वॉशर काही रुपयांचा असतो. पंखा हळू फिरू लागला तर दोष बहुधा कपॅसिटरचा असतो. कुकरची वाफ बाजूने जाऊ लागली तर रिंग कडक झालेली असते. फिटर म्हणून आयुष्य गेलेल्याला हे सांगणे म्हणजे गवळ्याला दूध कसे काढावे ते सांगणे होय. सांगायचे ते वेगळेच आहे. स्टुलावर चढून पंखा उतरविणे आता आपले काम नाही. साठीनंतर मान वर करून हात उंच धरल्यावर अनेकांना चक्कर येते, दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पायाखालची पायरी नीट दिसत नाही, आणि मांडीच्या हाडाचा सांधा मोडला की वर्षभराची घडी विसकटते. पंखा मुलाने किंवा शेजारच्या तरुणाने उतरवून टेबलावर ठेवावा. पुढचे आपण खुर्चीत बसून करावे. मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नये, हे तर पूर्वीही पाळत होतातच. मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका विद्युतभार राहू शकतो.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये २००९ साली 'रिपेअर कॅफे' नावाचा उपक्रम सुरू झाला. लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात, जाणकार स्वयंसेवक त्यांच्यासोबत बसून त्या दुरुस्त करतात, सोबत चहा होतो. पुढे तो अनेक देशांत पसरला. तेथे असे जाणकार हात शोधावे लागतात. बजाजनगरच्या एखाद्या गल्लीत एका हाकेच्या अंतरावर फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे चौघे निवृत्त भेटतील. मंदिराच्या किंवा उद्यानाच्या कट्ट्यावर आठवड्यातून एक सकाळ अशी बैठक धरली, तर गल्लीतील मिक्सर आणि इस्त्र्या भंगारात जाणार नाहीत, आणि चार माणसांना एकमेकांकडे जाण्याचे निमित्त मिळेल. निवृत्तीनंतरचा एकटेपणा हा रक्तदाबासारखाच दुर्लक्ष करू नये असा धोका आहे, हे वैद्यकशास्त्र आता स्पष्टपणे मानते. या बैठकीत पैसे घ्यायचे की नाहीत, यावर वाद होईल. माझ्या मते सुट्या भागाची किंमत घ्यावी आणि मजुरी चहावर भागवावी. पण ज्याला पैशांची गरज आहे त्याने मजुरी मागितली, तर त्यात कमीपणा मानू नये.

गरज असणारे पुष्कळ आहेत. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत किमान मासिक पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे, आणि वेतनमर्यादेमुळे वरची रक्कमही काही हजारांपलीकडे जात नाही. तेव्हा पर्यावरणपूरक म्हणून महागड्या वस्तू विकत घ्यायला सांगणारा सल्ला येथे निरुपयोगी आहे. हिरवा पर्याय बहुधा खर्च वाचविणाराही असतो; तसा तो नसेल तर घाई करू नये. एक उदाहरण घेऊ. जुना पंखा साधारण ७५ वॉट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला पंधरा तास पंखा चालत असेल, तर महिन्याला सुमारे वीस युनिट वाचतात. निवृत्त माणूस दिवसभर घरात असतो, म्हणून ज्या खोलीत तो बसतो तेथील एकच पंखा आधी बदलावा. सगळे घर एकदम नको. छतावरील सौरऊर्जेसाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरले आहे. ज्यांचे विजेचे बिल मोठे आहे त्यांनी विचार जरूर करावा. बिलच लहान असेल, तर निवृत्तीच्या पैशांना हात लावण्याआधी मुलांसोबत बसून आकडे मांडावेत. आणि सौरपाट्या धुवायला आपण शिडीने वर जाऊ नये, हे पुन्हा सांगतो.

आता कचरा. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातील गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे साचलेल्या डोंगराला कंटाळून शहराच्या कचरागाड्या अडविल्या, आणि कित्येक आठवडे औरंगाबादच्या रस्त्यांवर कचरा कुजत पडला. मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा नेण्यावरून दगडफेक व लाठीमार झाला. वाळूज महापालिकेच्या हद्दीत नव्हते, तरी तो वास आणि ती चर्चा येथेही होती. आपल्या घरातील भाजीची देठे शेवटी कोणाच्या तरी दाराशी जातात, हे त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा अनेकांच्या लक्षात आले. त्याच काळात कित्येक घरांत खताचे माठ आणि बादल्या आल्या. त्यांतील बऱ्याच पुढे वास आणि अळ्यांमुळे बंदही पडल्या. बंद पडण्याचे कारण बहुतेक ठिकाणी एकच होते. रोज लक्ष देणारा माणूस नव्हता.

चार माणसांच्या घरात रोज पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. त्यासाठी झाकणाचे, बाजूंना भोके पाडलेले दोन मध्यम ड्रम पुरतात. एक भरत राहतो, दुसरा पिकत राहतो. एक माप ओला कचरा टाकला, की त्यावर दोन मापे सुका पालापाचोळा टाकायचा. आपल्याकडे कडुनिंब, करंज, गुलमोहर यांची पानगळ फुकट मिळते; ती रस्त्याकडेला पेटविण्याऐवजी पोत्यात भरून ठेवावी. पाने जाळण्याचा धूर दम्याच्या रुग्णाला किती त्रास देतो, हे ज्यांच्या घरी इन्हेलर आहे त्यांना ठाऊक आहे. पाचोळा कमी पडला तर लाकडाचा भुसा चालतो. पण वाळूजमध्ये भुसा सहज मिळतो तो पॅकिंगच्या खोक्यांचे काम करणाऱ्यांकडे, आणि तेथे प्लायवूडचा, रंगीत किंवा औषध मारलेल्या लाकडाचा भुसा मिसळलेला असू शकतो. तो घेऊ नये. सुरुवातीला थोडे आंबट ताक किंवा ओंजळभर जुने खत विरजणासारखे घालावे.

यापुढचे काम नाकाचे आणि हाताचे. मिश्रण मुठीत दाबले असता पिळलेल्या कापडासारखे ओलसर लागावे, पाणी गळू नये. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही आणि पाणी जास्त आहे. पाचोळा घालून हलवावे. डोळ्यांना झोंबणारा वास आला तर हिरवे जास्त झाले; तेव्हाही पाचोळाच. जाड, करड्या अळ्या दिसल्या तर त्या बहुधा सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, उलट कचरा लवकर संपवितात. तेलकट शिजलेले अन्न, मांसाहारी उष्टे, हाडे घरगुती ड्रममध्ये नकोत. मुदत संपलेल्या गोळ्या आणि मलमाच्या नळ्या तर मुळीच नकोत. ड्रम भरल्यावर दीड-दोन महिन्यांत काळसर, मातीचा वास असलेले खत तयार होते. कधी भरला, कधी हलविला, वास कसा होता, हे वहीत लिहीत गेल्यास तीन महिन्यांत आपल्या घराच्या कचऱ्याचा स्वभाव कळतो. कोणत्या ऋतूत किती पाचोळा लागतो, हे तुमच्या वहीइतके अचूक सांगणारे पुस्तक नाही.

प्रकृतीच्या दृष्टीने तीन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. घरगुती ड्रम लहान असल्याने मोठ्या ढिगाइतका तापत नाही, त्यामुळे त्यातील रोगजंतू पूर्ण मरतील असे धरता येत नाही. हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. मधुमेह असेल तर पायांत बंद चपला हव्यातच, कारण पायाची संवेदना कमी झाली असेल तर काटा रुतल्याचे कळतही नाही. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यायची असते. शेवटची केव्हा घेतली, हे आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारावे. दुसरे, कोरडे खत हलविताना बुरशीचे सूक्ष्म कण उडतात. फाउंड्री, पेंट शॉप किंवा वेल्डिंगमध्ये आयुष्य गेलेल्यांची फुप्फुसे आधीच थकलेली असतात. त्यांनी आधी पाण्याचा हबका मारून, मास्क लावून काम करावे. दमा किंवा सीओपीडी असेल तर हलविण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे आणि आपण देखरेख करावी. तिसरे, ड्रम जमिनीवर ठेवू नये. विटांवर किंवा लोखंडी घडवंचीवर कमरेच्या उंचीला ठेवला, की वाकून एकदम उठताना येणारी अंधारी टळते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांना ती येण्याची शक्यता अधिक असते. अशी घडवंची करून द्यायला वाळूजमध्ये वेल्डर शोधावा लागणार नाही. खुरप्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, तर संधिवाताच्या बोटांना पकड सोपी जाते.

ही कामे सकाळी करावीत, असे आग्रहाने सुचवितो. अनेक वर्षे आलटूनपालटून पाळ्या केलेल्या शरीराचे घड्याळ निवृत्तीनंतर आपोआप जुळत नाही. काहींना अजूनही रात्री दोन वाजता सताड जाग येते. सकाळच्या कोवळ्या उजेडात अर्धा तास रोज ठरावीक वेळी घालविणे हा ते घड्याळ लावण्याचा साधा आणि बिनखर्चाचा उपाय आहे. ड्रम आणि कुंड्या यांचा या कामी फायदा असा, की त्या रोज बोलावितात. फिरायला जाण्याचा कंटाळा करता येतो. सुकत चाललेल्या मेथीपुढे कंटाळा टिकत नाही.

कुंड्यांबद्दल एक इशारा मात्र खास वाळूजसाठी. येथील भंगाराच्या दुकानांत निळे प्लॅस्टिकचे ड्रम स्वस्त मिळतात. कापून त्यांत भाजी लावण्याची किंवा पाणी साठविण्याची कल्पना कोणालाही सुचते. पण त्या ड्रममध्ये आधी कूलंट होते, रंगाचे रसायन होते की औषधी कारखान्यातील द्रावक, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि प्लॅस्टिकच्या भिंतीत मुरलेले रसायन दोनदा धुऊन जात नाही. ज्याचा पूर्वेतिहास माहीत नाही असा ड्रम खाण्याच्या वस्तूंसाठी आणि पाण्यासाठी वापरू नये. तेलाचे रिकामे डबे, दुधाच्या जाड पिशव्या, फुटके माठ, सिमेंटची धुतलेली पोती यांत भाजी छान येते. वजनाचाही विचार हवा. ओल्या मातीचा दोनशे लिटरचा ड्रम तीनशे किलोंपलीकडे जातो. तो गच्चीच्या मधोमध ठेवण्यासारखा नाही. भिंतीच्या किंवा तुळईच्या वर ठेवावा, आणि माती हलकी करण्यासाठी निम्मे कोकोपीट व खत घालावे.

काय लावावे, हे ज्याच्या त्याच्या जिभेवर सोडतो. मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना, गवती चहा, कढीपत्ता यांना फार कौतुक लागत नाही. घरची भाजी आली म्हणजे ती रोज ताटात येते, आणि येथे औषधे घेणाऱ्यांनी सावध असावे. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन किंवा त्या गटातील गोळी चालू असेल, तर पालक-मेथी अचानक वाढविल्याने गोळीचा परिणाम कमी होतो, कारण त्यांतील के जीवनसत्त्व गोठण्याला मदत करते. भाजी सोडायची नाही; प्रमाण रोज सारखे ठेवायचे आणि डॉक्टरांना सांगायचे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास पोटॅशियमच्या कारणाने पालेभाज्या आणि टोमॅटो यांचे प्रमाण विचारूनच ठरवावे.

उन्हाळा हा मराठवाड्यातील वृद्धांचा कसोटीचा काळ. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि स्लॅबची गच्ची रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. फेब्रुवारीअखेर गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, तर ऊन परतते आणि खालची खोली दोन-तीन अंशांनी निवते. खर्च थोडा आहे, पण चुना डोळ्यांना घातक असल्याने ते काम तरुणांनी चष्मा लावून करावे. वयोमानाने तहान मंदावते, म्हणून तहान लागेपर्यंत थांबू नये. माठ खाटेजवळ असावा, आणि लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात पाणी किती प्यावे हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. हृदयविकार असलेल्यांना हे दोन्ही बाजूंनी सांभाळावे लागते. सकाळी नऊनंतर गच्चीवर काम नको.

पावसाळा लागला, आषाढीला छोट्या पंढरपूरकडे दिंड्यांची रीघ लागली, की कूलर बंद होतो आणि त्याची टाकी विसरली जाते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस टाक्या, पिंपे, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करायच्या. नुसते पाणी ओतून भागत नाही; अंडी भिंतीला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात, ब्रशने घासावे लागते. पाणी चार-पाच दिवसांनी येते तेथे साठवण टाळता येत नाही, तेव्हा पिंपाच्या तोंडाला घट्ट कापड बांधावे. घराघरांत हे वेळापत्रक कोणी सांभाळत असेल तर तो निवृत्त माणूसच. सुनेला आणि मुलाला कामावर जायचे असते.

आणि आता थोडे नाजूक बोलणे. कारखान्यातून आलेला गृहस्थ मेंटेनन्सच्या उत्साहात स्वयंपाकघरात 'फाइव्ह एस' राबवू पाहतो. डब्यांना लेबले लावतो, पोळपाट कोठे ठेवावा ते सांगतो, गॅस किती वेळ चालला ते मोजतो. त्या स्वयंपाकघराला तीस वर्षांपासून एक व्यवस्थापक आहे, आणि तिची निवृत्ती झालेली नाही. घरात दोघांचे वय सारखेच वाढते, पण निवृत्तीचा निरोपसमारंभ एकाचाच होतो. खताचा ड्रम तुमचा असेल तर ओला-सुका वेगळा करण्यापासून ड्रम धुण्यापर्यंतचे सगळे काम तुमचे. भाजीच्या टोपलीत देठे वेगळी टाकायला बायकोला सांगायचे आणि खताचे श्रेय आपण घ्यायचे, हा व्यवहार फार दिवस टिकत नाही. वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या पाटोद्याचे नाव भास्करराव पेरे पाटलांमुळे महाराष्ट्रभर झाले. तेथे ओला-सुका कचरा वेगळा झाला तो उपदेशाने नव्हे. वेळेवर कर भरणाऱ्याला दळण फुकट, अशा रोख व्यवहारांतून ग्रामपंचायतीने लोकांचा विश्वास मिळविला. घरातही तेच चालते. पहिले खत तुळशीला आणि तिच्या आवडीच्या मोगऱ्याला गेले, तर दुसरा ड्रम आणायला परवानगी मिळते.

काळजीवाहकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी डायपर वापरावेत की जुने सुती कपडे, असे विचारले जाते, आणि कापड पर्यावरणाला चांगले म्हणून सुनेवर किंवा मुलीवर अपराधीपणाचे ओझे टाकले जाते. दिवसाला आठ-दहा वेळा ओले कपडे उकळून धुणे, पाणी कमी असताना, पाठ दुखत असताना, हे काम कोणाच्या अंगावर पडते ते आधी पाहावे. रुग्णाच्या त्वचेला कोरडे राहणे सर्वांत महत्त्वाचे असते. रात्री डायपर आणि दिवसा, माणूस हाताशी असेल तेव्हा, कापड असा मध्यममार्ग कित्येक घरांत जमतो. वापरलेला डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर खूण करून, सुक्या-ओल्या कचऱ्यात न मिसळता द्यावा. कचरा उचलणाऱ्याच्या हातांचाही त्यात विचार आहे. तेवढे केले म्हणजे पुरे.

स्मृतिभ्रंश झालेल्या कामगाराच्या घरी मात्र देखभालीची जुनी सवय शेवटपर्यंत उपयोगी पडते. नातवाचे नाव विसरणारा माणूस स्पॅनर हातात दिला की बरोबर धरतो, कारण हातांची आठवण वेगळ्या जागी असते आणि ती उशिरा जाते. दुपारी अस्वस्थपणा वाढून तो घरातून निघू लागतो, 'शिफ्टला उशीर झाला' म्हणतो, तेव्हा 'तुम्ही रिटायर झालात' असे सांगून उपयोग होत नाही. त्याला ते प्रत्येक वेळी पहिल्यांदाच कळते. त्याऐवजी टेबलावर जुन्या नटबोल्टांचा डबा ओतावा, तीन वाट्या ठेवाव्यात, आणि मापाप्रमाणे वेगळे करायला सांगावे. मेथी निवडणे, पाचोळ्यातून काड्या काढणे, कुंडीला अर्धा मग पाणी घालणे, हीही कामे चालतात. तोंडात घालण्याची सवय लागली असेल तर मोठ्या मापाचेच नट ठेवावेत, घड्याळातले किंवा श्रवणयंत्रातले लहान सेल त्या डब्यात चुकूनही नसावेत, आणि काम संपल्यावर मोजून डबा उचलून ठेवावा. वेगळे केलेले नट रात्री पुन्हा एकत्र करावेत, त्यांच्यादेखत नव्हे.